दगडांच्या रिंगणाशेजारी शेततळं काढताय? आधी चाचणी खोदाई: कुठे, कशी, कोणाकडून

"साहेब, ते गोटे लोटून देऊ का? तळं चौकोनी बसंल मग."

जेसीबीवाल्याचा हात लिव्हरवर होता आणि बकेट त्या दगडांपासून दोन हातांवर. शेततळ्यांची आखणी करून देणं हे माझं काम. फक्कीने चौकोन मीच मारला होता आणि त्याचा एक कोपरा थेट त्या दगडांमधून गेला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी आखलं तेव्हा गवत कमरेएवढं होतं. दगड पायाला लागले, पण 'वेचून टाकलेले असतील' म्हणून मी पुढे गेलो. चूक माझीच. सकाळी गवत काढल्यावर दिसलं की दगड गोलात आहेत, साधारण एका मापाचे आहेत आणि अर्धेअधिक जमिनीत रुतलेले आहेत. शेतकऱ्याची आई बांधावर बसली होती. म्हणाली, "भुताचं खळं हाय ते, बाबा. आमच्या सासऱ्यानं बी तिथं कधी नांगर घातला नाही."

मशीन त्या दिवशी परत पाठवलं. भाडं वाया गेलं, शेतकरी महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होता. पुढच्या हंगामात तळं झालं, त्याच गटात, फक्त जागा बदलून. मधल्या काळात जे शिकलो ते इथे लिहितो. मराठवाड्यात शेततळं, गोठा, कांदाचाळ, गोदाम यांतलं काहीही अशा जागेजवळ काढणार असाल तर उपयोगी पडेल.

आधी ते काय आहे ते ओळखा

हे शेत किनवट तालुक्यात आहे. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ, आणि विदर्भात अशी शिळावर्तुळं शेकड्याने आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीला एकाच परिसरात तीनशेच्या आसपास वर्तुळं नोंदलेली आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे १९६१-६२ मध्ये उत्खनन केलं. माहुरझरीला १९७० च्या सुमारास नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी वर्तुळं खोदली, तेव्हा माणसांच्या सांगाड्यांबरोबर घोड्यांची हाडं, घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे दागिने, लोखंडी हत्यारं आणि लाल अकीकाचे मणी मिळाले. ही थडगी आहेत, लोहयुगातली, ढोबळ मानाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. त्यांना इतिहासपूर्व म्हणायचं की आद्य-ऐतिहासिक, हा वाद जाणकार घालोत. जेसीबीच्या बकेटला दोन्ही सारखीच.

वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग आणि वर्तुळ यातला फरक ओळखणं अवघड नाही. ढिगात लहानमोठे दगड मिसळलेले असतात, एकावर एक पडलेले असतात, पहार घातली की हलतात. वर्तुळातले दगड सारख्या आकाराचे, ठरावीक अंतरावर आणि खोल रुतलेले. दगडफूल फक्त उघड्या भागावर असतं, मातीची रेघ जिथे लागते तिथे संपतं. आतली जागा बाहेरच्यापेक्षा जराशी फुगीर असते, कारण दफन झाकायला मुरूम आणि गोटे भरलेले असतात. व्यास पाच-सहा मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत, कधी त्याहून मोठा. पहार घालून पाहू नका, एवढंच. डोळ्यांनी पुरेसं कळतं.

गोदावरीच्या पट्ट्यात मात्र वर दगड दिसतीलच असं नाही, आणि तिथे फसगत जास्त होते. आपल्याकडे गावाच्या जमिनीला 'काळी' आणि 'पांढरी' म्हणतात. काळी म्हणजे कसायची, पांढरी म्हणजे वस्तीची. शेतात मध्येच राखाडी-पांढुरक्या मातीचं टेकाड असेल, पाऊस पडला की खापरं उघडी पडत असतील, तर ती मोडलेली जुनी पांढरी समजा. पैठण तालुक्यातल्या आपेगावला, ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांच्या गावी, ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातली वस्ती उत्खननात मिळाली आहे. त्या काळातले लोक मृताला घराच्या जमिनीखालीच पुरत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तिथे लहान मुलांना दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून आडवं पुरलेलं सापडलं. वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून पहिली पायरी चालण्याची. एप्रिल-मे मधली नांगरट झाल्यावर, किंवा मृगाच्या पहिल्या दोन पावसांनंतर ढेकळं धुऊन निघाल्यावर, तळ्याची जागा आणि तिच्याभोवतीचे पन्नासेक मीटर दोन-दोन मीटरच्या ओळींनी चालून काढा. खापर, मणी, लोखंडाचं कीट, जळक्या मातीचा गोळा, हाडाचा तुकडा, जे दिसेल तिथे तुराटी खोचा. वस्तू उचलू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवा. शेवटी बांधावर उभं राहून पाहिलं की तुराट्या कुठे दाटल्यात ते एका नजरेत कळतं. किनवटच्या शेतात निम्म्याहून जास्त तुराट्या रिंगणाच्या बाहेर, उताराच्या बाजूला लागल्या होत्या. तोवर मी समजत होतो की जे काही आहे ते दगडांच्या आत आहे. दगडांची कड म्हणजे थडग्याची कड नव्हे; बाहेर नैवेद्याची भांडी, दगड नसलेली दुसरी दफनं, पुरणाऱ्यांची वस्तीसुद्धा असू शकते.

खापरांत एक खूण सोपी आहे. आतून काळं, काठाशी काळं आणि बाहेरून खाली लाल असं एकच भांडं दिसलं तर ती 'काळी-लाल' खापरं. महापाषाण थडग्यांत, म्हणजे अशी मोठे दगड मांडून केलेल्या थडग्यांत, ती हमखास असतात, जरी फक्त तिथेच असतात असं नाही. शेजारी उभी विहीर किंवा नाल्याचा तुटलेला काठ असेल तर तोही पाहून घ्या. कापलेल्या मातीत राखेची रेघ किंवा खापरांची ओळ आयती दिसते, एक घमेलं माती न उचलता.

कागद

इथे लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो 'माझी जमीन, कोण विचारतंय'. दुसरा घाबरून दगड रात्रीत बुजवतो. दोन्ही महागात पडतं.

पाहायचं एवढंच की जागा संरक्षित आहे का, किंवा जवळ एखादं संरक्षित स्मारक आहे का. केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. केंद्र संरक्षित स्मारक असेल तर २०१० च्या दुरुस्तीनुसार त्याच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. अंतर मोजायचं ते संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून, मधल्या मंदिरापासून किंवा दगडांपासून नव्हे. मोजणीत नेमकी हीच चूक होते. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम नाही. नियंत्रित पट्ट्यात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडून ना-हरकत घ्यावी लागते. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेततळं हे बांधकाम की नुसतं खोदकाम, याचा निकाल आपण लावत बसू नये. अर्ज करावा आणि उत्तर लेखी घ्यावं.

जमीन खुद्द संरक्षित क्षेत्रात असली तरी कायदा पेरणी थांबवत नाही. फक्त एक फुटापेक्षा खोल माती उकरायची नाही. वखर, तिफण चालेल. खोल नांगरट नाही.

आमचं रिंगण कुठल्याच यादीत नव्हतं. अशा वेळी कायद्याचा पट्टा लागत नाही, पण दोन गोष्टी तरीही लागू राहतात. पुराणवस्तू शोधण्यासाठी उत्खनन करायचं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची मंजुरी लागते. राज्य सरकारच्या खात्यालाही ती चुकत नाही. म्हणजे 'मीच दोन खड्डे घेऊन बघतो' हा मार्ग बंद समजा. दुसरी गोष्ट १८७८ चा निखात निधीचा कायदा. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये तेव्हाचे, पण आकडा अजून तोच आहे. लपवलं तर सापडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद.

अर्ज राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय सहायक संचालकांकडे करा. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथे ही कार्यालयं आहेत. प्रत तहसीलदारांना. सोबत सातबारा, गट नकाशा, अक्षांश-रेखांश, तुराट्यांचे फोटो, हाताने काढलेलं रेखाचित्र आणि तुमच्या कामाचं माप जोडा: लांबी, रुंदी, खोली. खोली लिहायची विसरू नका, सगळा निर्णय तिच्यावर आहे. पोच घ्या. आमच्या पहिल्या अर्जाला एका कार्यालयाकडून तीन महिने काही उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा अर्ज 'सापडत नव्हता', आणि पोच होती म्हणूनच सापडला. विद्यापीठाच्या पुरातत्त्व किंवा प्राचीन इतिहास विभागातल्या प्राध्यापकांना फोटो दाखवणं हाही मार्ग आहे. उत्खननाच्या परवान्यासाठी ते अर्ज करू शकतात, आणि खरं सांगायचं तर उत्साह त्यांच्याकडे जास्त असतो.

जमीन सरकार घेईल ही भीती प्रत्येकाला असते. सापडल्या सापडल्या जमीन जात नाही. उलट केंद्राच्या कायद्याखालच्या उत्खननात पिकाचं किंवा जमिनीचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. कोणतं पीक उभं होतं, किती गुंठे अडले, याचा पंचनामा आधीच करून ठेवा.

खड्डे कुठे घ्यायचे

चाचणी खोदाई मंजुरी मिळाल्यावर, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होते, आणि ती थडग्यावर करत नाहीत. हे ऐकून शेतकऱ्याचाही जीव भांड्यात पडतो. थडगं जिथल्या तिथे राहू द्यायचं आणि तुमचं काम जिथे येणार त्या जागेत खाली काही आहे का एवढंच पाहायचं.

३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, एकास एक उतार असं तळं धरलं तर सुमारे २,२०० घनमीटर माती निघते. एवढ्या मातीतून एखादा रांजण गेला तर ऑपरेटरला कळणारसुद्धा नाही. आता त्याच ९०० चौरस मीटरमध्ये २ बाय २ चे दहा खड्डे घ्या: ४० चौरस मीटर, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत. खर्च मजुरीचा, वेळ आठ-पंधरा दिवसांचा. खड्डे जाळीसारखे समान अंतरावर पसरायचे, मात्र रिंगणाकडच्या बाजूला आणि तुराट्या दाटल्या होत्या तिथे जरा जवळजवळ. कधी खड्ड्यांऐवजी रिंगणापासून बाहेर जाणारा एक-दोन मीटर रुंदीचा लांब चर घेतात. थडग्याचा प्रभाव कुठे संपतो ते त्यात चांगलं दिसतं. गोठ्यासाठी किंवा गोदामासाठी फक्त खांबांचे खड्डे होणार असतील तर चाचणीही त्या जागीच.

हंगाम दिवाळीनंतर, खरीप निघाल्यावर. ओल थोडी असते, माती कापते पण चिकटत नाही. मे महिन्यात काळी माती दगडासारखी होते आणि मजूर टिकाव मारायला लागतात. टिकाव आला की बारीक काम संपलं.

खोदताना

सामान आपल्याच घरातलं: खुंट्या, सुतळी, खुरपं, फावडं, घमेलं, गवंड्याची पाण्याची लेव्हल-नळी, पाच मिलिमीटर जाळीची चाळण, रंगाचा ब्रश. फवारणीचा पंपही, नवा किंवा नीट धुतलेला. त्याचं काम पुढे येतं.

वरचा वीस-तीस सेंटिमीटरचा थर नांगराने उलथापालथ झालेला असतो. तो एका दमात काढतात, पण चाळूनच. त्याखाली पाच ते दहा सेंटिमीटरच्या पाळ्या. प्रत्येक पाळीनंतर तळ खुरप्याने सपाट करायचा, ब्रश मारायचा, फोटो. प्रत्येक थराची वेगळी पिशवी, आत चिठ्ठी: खड्डा क्रमांक, थर, खोली, तारीख. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते. भिंती सरळ ओळंब्यात ठेवायच्या, कारण थरांचा हिशोब शेवटी भिंतीवरच वाचायचा असतो. ओलांडताना कडेवर पाय पडला तर तज्ज्ञ कसे बघतात ते मी अनुभवलं आहे.

आणि पंप. सपाट केलेल्या तळावर बारीक तुषार मारले की रंग उघडे पडतात. कोरडी असताना एकसारखी राखाडी दिसणारी जमीन ओली झाली आणि सहाव्या खड्ड्यात एका कोपऱ्यात पेल्याच्या तोंडाएवढा गडद गोल उमटला. मजुराने खुरप्याचं टोक लावलं. आजूबाजूला कडक, गोलात मऊ. पूर्वी कोणीतरी तिथे खड्डा करून परत भरला होता. बहुधा खांबाचा, तज्ज्ञ म्हणाले. दोन मिनिटांत पाणी सुकलं आणि गोल नाहीसा झाला. म्हणून दिसल्याक्षणी खुरप्याने त्याची कड कोरून घ्यायची.

आपल्या काळ्या मातीचा एक खोडसाळपणा माहीत हवा. उन्हाळ्यात तिला मीटर-मीटर खोल भेगा पडतात, वरचं खाली जातं. पावसात फुगून ती खालचं वर ढकलते. तिसऱ्या खड्ड्यात ६० सेंटिमीटरवर एक काळं-लाल खापर मिळालं. सगळे गोळा झाले, फोटो निघाले. त्याच पाळीत, एका वितीवर, गुटख्याची पुडी. तज्ज्ञ बाई हसल्या, "भेगेतून गेली." त्यामुळे काळ्या मातीत एकट्यादुकट्या खापरावरून निष्कर्ष काढत नाहीत. राख, फरशीसारखी चोपलेली जमीन, खड्ड्याची कड, एकाच भांड्याचे जुळणारे तुकडे, असं काही जागचं न हललेलं दिसलं तरच 'इथे काहीतरी आहे' म्हणायचं.

खाली मुरूम किंवा मानवी हात न लागलेला थर येईपर्यंत उतरायचं, नाहीतर तुमच्या कामाच्या खोलीपर्यंत. सव्वा मीटरच्या पुढे काळ्या मातीची भिंत अचानक ढासळते, तेव्हा पायऱ्या करत उतरा, कडेला मातीचा ढीग ठेवू नका आणि मजुराला एकट्याला खाली सोडू नका.

कोळसा मिळाला तर हात लावायचा नाही. स्वच्छ खुरप्याच्या टोकाने ॲल्युमिनियम फॉइलमध्ये. कार्बन-१४ पद्धतीने वय काढणारी प्रयोगशाळा लखनौच्या बीरबल साहनी संस्थेत आहे. हाताचं तेल, बिडीची राख यांनी नमुना बिघडतो. बिडी बांधावर.

हाड किंवा भांडं निघालं तर

काम थांबवा. उपसू नका, धुऊ नका, उन्हात ठेवू नका. हजारो वर्षं ओलीत राहिलेलं हाड तासाभराच्या उन्हात तडकतं. वर सुती कापड, त्यावर चाळलेली माती, त्यावर सावली. माणसाचं हाड वाटलं तर पोलीस पाटलांना कळवा. जुनं की अलीकडचं हे ठरवणं तुमचं काम नाही.

आणि गावच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. आमच्याकडे भाच्याने टाकला. रात्री दहाला दोन मोटारसायकली बांधावर, कोणाच्या तरी पिशवीत लिंबू-नारळ. 'गुप्तधन' हा शब्द मराठवाड्यात खापरापेक्षा लवकर पसरतो. अघोरी प्रकार करून धन शोधणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, पण तो कायदा रात्री दहाला बांधावर येत नाही. राखण आपल्यालाच करावी लागते. चार रात्री मी आणि शेतकरी खाटा टाकून तिथे झोपलो.

निकाल काय लागू शकतो

दहाही खड्डे कोरे निघाले तर लेखी अहवाल घ्या आणि काम सुरू करा, पण पहिला मीटर दात्यांच्या बकेटने नको. सपाट धारेचं बकेट लावून पातळ थर काढायला सांगा आणि जाणत्या माणसाला समोर उभं करा. एक-दोन खड्ड्यांत काही निघालं तर तळं सरकवा. आमचं रिंगणापासून आणखी ४० मीटर वर सरकलं. पाइप तेवढा लांबला, उतार जरा कमी मिळाला, म्हणून एक बाजू दोन फूट जास्त भरावी लागली. सगळीकडेच निघालं तर रीतसर उत्खनन होईपर्यंत थांबायचं किंवा दुसरा गट शोधायचा.

तळ्याची जागा ठरल्यावर मशीनचा रस्ता, मातीचा ढीग आणि मुरमाची खाणही आखून घ्या. रिंगण वाचवून त्यावरूनच ट्रॅक्टर नेणारे मी पाहिले आहेत. पिचिंगला, म्हणजे तळ्याच्या उतारावर दगड बसवायला, दगड कमी पडला तर नजर कुठे जाते हेही सांगायला नको. तारेचं कुंपण नसलं तरी भोवती चार पांढरे खांब आणि ऑपरेटरला पहिल्या दिवशीच तोंडी ताकीद.

खड्डे बुजवताना घाई नको. आधी तळाला जाळीचं कापड किंवा वाळूचा हातभर थर, म्हणजे पुढे कोणी खोदलं तर आपण कुठवर गेलो होतो ते कळेल. त्यात चालू वर्षाचं एक नाणं टाकायची पद्धत आहे. आम्ही दोन रुपयांचं टाकलं. मग माती निघाली त्याच्या उलट क्रमाने भरा, मुरूम खाली, काळी वर. म्हणूनच काढताना दोन ढीग वेगळे ठेवायचे. मिसळले तर त्या चार-चार चौरस मीटरांत सोयाबीन पिवळं पडतं आणि शेतकरी पुढची दहा वर्षं तुमचं नाव काढतो. माती टप्प्याटप्प्याने चोपा आणि वर वीतभर उंचवटा ठेवा. पहिल्या पावसाळ्यात ती बसते.